लामांच्या कानांतली लाल फुले

एदुविना चोके हिला वाळवंटातल्या शेवाळाच्या कारखान्यात कामाला लागून बरीच वर्षे झाली होती. मुलीचे इकिके शहरातले शिक्षण, एवढेच तिच्या तेथे राहण्याचे कारण. मन मात्र वर, डोंगरपठारावर, धाकट्या बहिणीच्या हवाली केलेल्या तिच्या लामांपाशी, त्या उंच मानेच्या लोकरीच्या जनावरांपाशी असे.

कारखान्याच्या उथळ तळ्यांत हिरवे शेवाळ वाढवीत. मग खत बंद करून त्याला कडक उन्हात उपाशी ठेवले, की ते लाल होई. तो लाल रंग दक्षिणेकडच्या मत्स्यशेतीतल्या माशांच्या खाद्यात जाई, त्यांचे मांस लालसर व्हावे म्हणून. या कामाची घाई फेब्रुवारीत. आणि लामांच्या कानांत लोकरीची फुले बांधण्याचा सणही फेब्रुवारीतच. फुलांची लोकर मालकिणीने स्वतः रंगवायची, असा रिवाज. बहिणीची निळी, एदुविनाची लाल. बिनफुलांच्या जनावरावर पुढे दुसरे कोणीही आपला रंग चढवून मालकी सांगू शके.

यंदाही रजा मिळाली नाही. तेव्हा तिने वाळलेले थोडे लाल शेवाळ मागून घेतले.

मुकादम ओनोफ्रे हसला. "चोकेबाई, हा रंग माशाच्या मांसात बसतो, लोकरीत नाही. पाण्यात तर उतरायचासुद्धा नाही."

"मग तेलात उतरवीन."

"लोकर तळणार? वरून मीठही भुरभुरवा!"

तिने तेलातच रंग उतरविला. इतका सुंदर लाल तिला पूर्वी कधी साधला नव्हता. गाठोडे बांधण्यापूर्वी तिने ती लोकर गालाला लावली, आणि बसबरोबर वर धाडली.

सणानंतर धाकट्या फेलिसाचा फोन आला.

"ताई, काय गं पाठवलंस हे? उन्हात बघता बघता पांढरंफटक! त्यात तेलाचा वास. एकमेकांचे कान चाटत सुटली सगळी. फुलं खाल्ली मेल्यांनी!"

एदुविनाला हसू आवरेना. मग आवाज खाली आला. "मग... तू निळी बांधलीस?"

"शेजारी म्हणत होते, बांधून टाक, ती कसली येतेय आता."

"आणि?"

"मी का बांधू? जनावरं तुझी. कान मोकळे ठेवलेत. गाठोडी पुरे झाली. स्वतः ये."

एदुविनाने विचारले, "कपाळावर पांढरा ठिपका असलेली जवळ आहे का गं?"

"ही काय, माझ्या अंगावर रेलून उभीये."

"तिच्या तोंडाशी फोन धर."

फेलिसाने धरला. नुसता वारा ऐकू येत राहिला. तळ्याकडून ओनोफ्रे हाका मारू लागला. एदुविनाने फोन कानावरून काढला नाही.