प्रश्न काढला, उत्तर येत राहिलं

आधीच सांगते, मी सायकॉलॉजिस्ट आहे. कुणाला नसलेला आवाज ऐकू आला म्हटलं की मी घाबरत नाही, झोप कशी लागते ते विचारते. या ग्रुपवरचे अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाचं निदान करून मोकळी होते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... असो. आज तुम्ही माझं निदान करा.

आम्ही चिकपेटमधले जुने मराठी. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात, घरच्या मराठीत निम्मी कन्नड. वसुधा पुण्याची, लग्नानंतर बंगळुरात, मारतहळ्ळीला आलेली. एका छोट्या संस्थेत आम्ही दोघी मिळून एक प्रश्नावली तयार करत होतो - शहराबाहेर आनेकलकडच्या कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मराठी बायकांसाठी. डिप्रेशन असू शकतं का, याची पहिली चाळणी. निपाणी-बेळगावकडून आलेल्या बऱ्याच जणी आहेत तिथे. त्यांना 'उदास वाटतं का' विचारलं की 'न्हाई' म्हणतात आणि कामाला लागतात. म्हणून आमची पद्धत अशी, की आधी त्यांच्यात जाऊन बसायचं, त्या एकमेकींशी कसं बोलतात ते ऐकायचं आणि त्यातूनच प्रश्न बनवायचा.

शेवटचा प्रश्न माझा होता. माझा म्हणजे त्यांचाच, मी ऐकून टिपलेला. 'मी नसते तर घरच्यांचं बरं झालं असतं, असं मनात येतं का?' हा प्रश्न विचारला की विचारणाऱ्यावर जबाबदारी येते. बाई 'रोज' म्हणाली तर तिला तशीच सोडून उठता येत नाही. त्याच दिवशी समुपदेशकाशी गाठ घालून द्यावी लागते. या एका प्रश्नासाठी मी मीटिंगांमध्ये किती भांडले! आणि वसुधा दर वेळी माझ्या बाजूने उभी राहिली. एका डब्यात जेवणाऱ्या मैत्रिणी आम्ही.

मग अम्माचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि मी रजेवर गेले. आनेकलच्या मुलाखती आमच्या प्रवीणने घेतल्या - बेळगावचा, दोन मुलांचा बाप, घोगऱ्या आवाजाचा माणूस. परत आल्यावर मी रेकॉर्डिंग ऐकायला बसले. ऑफिसात, भर दुपारी, शेजारच्या टेबलावर कुणीतरी कडाकडा चकली खात होतं.

प्रवीण झोपेचं विचारतो, भुकेचं विचारतो, कामात लक्ष लागतं का विचारतो... आणि थांबतो. माझा प्रश्नच नाही.

"वसुधा मॅडमनी काढायला सांगितला की," प्रवीण म्हणाला. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

पैसे देणाऱ्या कंपनीला समुपदेशकाची कटकट नको होती म्हणे. वसुधाने फोनवर 'ओके' म्हटलं आणि विषय मिटवला. मला साधा मेसेजही नाही. नवऱ्यानेसुद्धा मला कधी इतकं गृहीत धरलं नव्हतं.

रागारागातच पुढचं रेकॉर्डिंग लावलं. प्रश्न संपले. पंख्याची घरघर, थोडी शांतता... आणि ती बाई म्हणाली, "कधी कधी."

हे कशाचं उत्तर? कुणी काहीच विचारलं नव्हतं!

पुढची मुलाखत. शांतता. "न्हाई, तसं न्हाई." त्याच्या पुढचीतही तेच. बऱ्याच जणी थोडं थांबून एक जास्तीचं उत्तर देत होत्या. प्रवीणला ऐकवलं तर त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मला वाटलं, मागचंच पुन्हा सांगतायत."

आणि मग रेणुका. (नाव बदललंय.) ती म्हणाली, "रोज." मग अगदी हळू - "आज तर लईच."

ती मुलाखत होऊन आठवडा उलटला होता. प्रवीणकडून खोलीचा पत्ता घेतला आणि आनेकलची बस धरली. वाटभर वसुधाला फोन लावत होते, तिने उचलला नाही. रेणुका असेल ना... दुसरं काही डोक्यात येतच नव्हतं.

ती होती. उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. "रेणुका तुम्हीच का?" मी विचारलं. मान वर करायच्या आधीच ती म्हणाली, "आवाज वळखला, अक्का. त्या दिशी तुमीच इचारलासा न्हवं?"

मी तिला जन्मात कधी भेटले नव्हते.

"मी नव्हते तिथे. एक सर होते ना?"

"सर व्हतेच की. ते गप बसले, मग तुमी मागनं इचारलासा." आणि तिने माझा प्रश्न म्हणून दाखवला. शब्द न् शब्द.

मी विचारलं, "मग नंतर कुणी आलं का तुमच्याकडे?"

"कोन येतंय? वाट बघितली. मग म्हटलं, नुसतं इचारायपुरतंच असतंय."

मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. उलट तीच मला पाणी देत होती. त्याच दिवशी तिला माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. 'रोज' म्हणालेल्या आणखी दोघी होत्या, त्यांनाही गाठलं. रेणुका आता बरी आहे. गोळ्यांनी झोप लई येती म्हणून माझ्याशी भांडते.

दुसऱ्या दिवशी वसुधासमोर जाऊन उभी राहिले.

"शालू, जरा प्रॅक्टिकल हो," ती म्हणाली. "प्रश्न ठेवला असता तर फंडिंगच गेलं असतं. मग उरलेले प्रश्न तरी कुणी विचारले असते?"

"रेकॉर्डिंग ऐकलंस तू?"

ती स्क्रीनकडे बघत राहिली. "ऐकलं."

"रेणुकाचं?"

"सगळ्यांचं. पण प्रश्नच नव्हता ना... मग ते उत्तर भरायचं कुठल्या कॉलममध्ये?"

एवढ्या वर्षांची मैत्रीण. मला तिला मारावंसं वाटलं, खरंच सांगते.

स्पष्टीकरण मी खूप शोधलं. शब्द त्यांच्याच बोलण्यातले, तेव्हा त्यांच्या ओठांवर आले असतील, मान्य. पण माझा आवाज? प्रवीण शपथेवर सांगतो, खोलीत तिसरं कुणी नव्हतं. रेकॉर्डिंगमध्येही त्या जागी पंख्याशिवाय काही नाही, मी पुन्हा पुन्हा ऐकलंय. मला याचा उलगडा झालेला नाही आणि होईल असं वाटतही नाही.

नंतर 'टीममध्ये ताण नको' म्हणत मला त्या कामातून बाजूला केलं. पत्रावर सही वसुधाची. प्रश्नावली आता महादेवपुऱ्यातल्या आयटी कंपन्यांतही वापरतात, माझ्या प्रश्नाशिवाय. तिथली रेकॉर्डिंग, प्रश्न संपल्यानंतरचीसुद्धा, वसुधा एकटीच ऐकते.