शपथविधीच्या दिवशी हरवलेले आबा

अंबडहून तीर्थपुरीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागला, की तो दिवस अजूनही माझ्यासमोर उभा राहतो. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले, पण त्यातले पुष्कळ आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा दिवस मात्र जसाच्या तसा राहिला. यातल्या माणसांना त्या भागात सगळे ओळखतात, म्हणून कोणाचे नाव घेत नाही.

मी तेव्हा तिथल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. मतदारसंघाच्या आमदाराला राज्यमंत्रिपद मिळाले होते आणि मुंबईत त्याचा शपथविधी होता. शेतकऱ्याचा मुलगा. आधी ग्रामपंचायत, मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, अशा पायऱ्या चढत तो वर आला होता. प्रत्येक पायरीवर त्याला हात देणारा माणूस एकच होता, तिथले जुने आमदार. लोक त्यांना नाना म्हणत. शेवटच्या निवडणुकीत तिकिटावरून दोघांचे बिनसले, चेला गुरूसमोर उभा राहिला आणि निवडून आला. नाना घरी बसले.

शपथविधीला त्याच्या गावातून जीपगाड्या भरून माणसे मुंबईला गेली होती. जी उरली ती चौकात हलगी लावून पेढे वाटत होती. मिरवणुकीच्या बंदोबस्ताची माणसे नेमून मी नुकताच खुर्चीवर बसलो होतो, तोच मंत्र्यांचा थोरला भाऊ आत आला. त्याच्या कपाळाला गुलाल होता आणि चेहरा उतरला होता.

"साहेब, आमचे आबा सकाळपासून घरी न्हाईत."

आबा म्हणजे मंत्र्यांचे वडील. गुडघे दुखतात असे सांगून ते मुंबईला गेले नव्हते. शेतात, मंदिरात, पाहुण्यांकडे, सगळीकडे शोधून झाले होते. ठाणे अंमलदाराने मिसिंगची, म्हणजे माणूस हरवल्याची, तक्रार दाखल करून घेतली. वर्णन लिहिले: उंच बांधा, धोतर, पांढरा फेटा, तपकीर ओढण्याची सवय.

"कोणावर संशय?" मी विचारले.

"विचारायचं काय त्याच्यात? ज्याची आमदारकी गेली त्याच्यावर. नानानंच उचललं असंल."

भावाच्या तोंडचे हे वाक्य आमच्याआधी चौकात पोहोचले. हलगी थांबली. पोरे मोटारसायकलींवर बसून तीर्थपुरीत नानांच्या घराकडे निघाली. मी पोहोचलो तेव्हा घरासमोर मोठा जमाव होता, मंत्र्यांचा भाऊही त्यात होता. नानांच्या पत्नी एकट्या दारात उभ्या होत्या. "ते घरी न्हाईत," एवढेच त्या सांगत होत्या. नानांचा फोन बंद होता, आणि त्यामुळे लोकांचा संशय आणखी पक्का होत होता. मी दाराशी शिपाई उभे केले, जादा कुमक मागवली. एक दगड भिरकावला गेला असता, तर पुढचे आवरणे कठीण होते.

तेवढ्यात आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. बसस्टँडसमोर त्याची चहाची टपरी होती.

"साहेब, आबा सकाळी नानाच्या जीपमधी बसून गेले. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं."

"ओढून नेले का?"

"न्हाई, तसं बिलकुल न्हाई. डायव्हरनं हात धरून चढवलं त्यांना. गुडघे दुखतेत ना त्यांचे."

पळवून नेणारा माणूस गुडघ्यांची काळजी करत नाही, हे मी तिथेच मनात धरले. पण जमावाला ते सांगून उपयोग नव्हता. त्यांना आबा समोर हवे होते.

नानांचा ड्रायव्हर आमच्या हवालदाराला बाजारातच सापडला. त्याला ठाण्यात आणले, आणि जमाव सहकाऱ्यांवर सोपवून मीही तिकडे गेलो. तो पन्नाशीचा, नानांकडे हयात घालवलेला माणूस. "मला काही माहीत न्हाई," यापलीकडे बोलेना. हवालदार म्हणाला, "साहेब, माझ्याकडं द्या, जल्दी बोलंल." मी त्याला चहा सांगायला पाठवले. धन्यासाठी गप्प बसलेला माणूस मारामुळे जास्तच गप्प होतो, हा माझा अनुभव.

अंगझडतीत खिशातून दोन वस्तू निघाल्या. तंबाखूची मळकी पिशवी आणि तपकिरीची कोरी डबी.

"तंबाखू खातोस आणि तपकीरही ओढतोस?"

"हां साहेब. दोन्ही."

"मग ओढ बरं माझ्यासमोर."

त्याने चिमूट घेतली आणि नाकाशी नेली. पुढे जे झाले त्याने सगळे ठाणे हसले. त्याच्या शिंका थांबेनात, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. हवालदाराने पाण्याचा तांब्या पुढे केला. शेवटी ड्रायव्हरलाही हसू आले, आणि हसता हसता तो सैल झाला.

"आबाची तपकीर सरल्ती साहेब, म्हणून आल्तो. त्यांनी आण घातली व्हती, कुणाला सांगू नको म्हणून. पोराच्या चांगल्या दिवसाला गालबोट नको. टीव्हीवर पाहून झालं की माघारी जातो म्हणले."

"आहेत कुठे?"

"नानाच्या आखाड्यावर. अंकुशनगरच्या रस्त्याला."

आखाडा म्हणजे शेतातले घर. उसातून गाडी आत नेली, तेव्हा ऊन कलले होते. ओसरीवर लहानसा टीव्ही चालू होता आणि त्याच्यासमोर बाजेवर दोन म्हातारे शेजारी शेजारी बसले होते. वर्दी पाहून नाना उठले. आबा बसूनच राहिले.

"आबा, तुम्हाला इथे कोणी आणले?"

"मीच जीप बोलावली. आणायचं काय मला?" ते म्हणाले. "ज्याच्या खांद्यावर बसून माझं पोरगं मोठं झालं, त्यो माणूस आज एकटाच टीव्ही पाह्यल, हे मला बराबर वाटंना. म्हणून आलो."

नाना पडद्याकडे बघत होते. शपथविधी पुन्हा दाखवत होते. "शपथ घाईत घेतली त्यानं," ते म्हणाले. "पहिल्या भाषणापासून सांगून राह्यलो, दमानं बोल, दमानं बोल." आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

तीर्थपुरीत काय चालले आहे ते सांगितल्यावर आबा ताडकन उठले. गुडघ्यांची आठवण त्यांना राहिली नाही. मी त्यांचा जबाब घेतला, स्वखुशीने आल्याचा. तोवर मंत्र्यांच्या गटातल्या एका पुढाऱ्याचा मला फोन येऊन गेला होता: अपहरणाचा गुन्हा नोंदवा, वरूनही तसेच सांगितले जाईल. म्हणून मी सरळ मंत्र्यांनाच फोन लावला आणि सगळे सांगितले.

पलीकडे माणसांचा गलका होता. ते बाजूला आले.

"आबा जेवले का?" त्यांनी विचारले.

"जेवले. दोघे सोबतच."

"मंग गुन्हा कशाचा नोंदवता? तिथं पोहोचल्यावर भावाला फोन द्या. सगळ्यांना ऐकू जाईल असा."

नानांना आखाड्यावरच थांबवून, आबांना जीपमध्ये घेऊन आम्ही तीर्थपुरीला आलो. आबा उतरताच जमावात गलका झाला. मी मंत्र्यांना पुन्हा फोन लावला आणि आवाज मोठा करून तो भावाच्या हातात दिला.

"दादा," मंत्री म्हणाले, "आबाला नानाकडं मीच पाठवलं व्हतं. आशीर्वाद आणायला. सांगायचं राहून गेलं, माझी चूक. सगळ्यांना घरी जायला सांग, अन् काकूंची माफी माग."

ते साफ खोटे होते. भावाला ते कळले, मला कळले, आबांनाही कळले. आबांनी फेटा नीट केला आणि नानांच्या पत्नीला म्हणाले, "वहिनी, पाणी द्या." माणसे हळूहळू पांगली. त्या संध्याकाळी स्टेशन डायरीत मी मिसिंग व्यक्ती सुखरूप मिळून आल्याची नोंद केली. फोनवरचे बोलणे लिहिले नाही.

चार दिवसांनी मंत्री जिल्ह्यात आले. सत्काराचा मंडप तयार होता, पण त्यांनी ताफा आधी आखाड्याकडे वळवला. बंदोबस्ताला मी होतो. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्याला नानांच्या हातचा फेटा होता. त्यांच्या काही कार्यकर्त्यांना ते आवडले नाही, आणि पुढे त्यांनी ते बोलूनही दाखवले.

पुढे त्या राज्यमंत्र्यांची कारकीर्द चढली, उतरली. त्यांनी पूल बांधले, आश्वासने दिली, काही पाळली, काही विसरले. त्यांच्या राजकारणाबद्दल मला मत द्यायचे नाही. पण ज्या दिवशी एका खोट्या गुन्ह्याने त्यांचा जुना प्रतिस्पर्धी कायमचा संपला असता, त्या दिवशी त्यांनी काय केले, हे मी जवळून पाहिले आहे.

पोलिसाची घडण संशयाची असते. माणूस हरवला की पहिला प्रश्न ठरलेला: कोणाशी वैर होते का? तो विचारावाच लागतो. पण त्या दिवसानंतर मी त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारू लागलो. मिसिंगची तक्रार द्यायला कोणी आले, की म्हणायचो, "त्यांना कोणाची आठवण यायची का?" घरातली माणसे चमकून एकमेकांकडे बघत. कोणी म्हणे, असे कोणी नाही साहेब. आणि मग बऱ्याचदा, मागे उभी असलेली एखादी सून किंवा बहीण हळूच एक नाव सांगायची.