आबांच्या दुधातलं पाणी

दुसऱ्याच्या मालात खोट काढायचा मला पगार मिळतो. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी क्वालिटी बघतो. माप घ्यायचं, नाही बसलं की लाल चिठ्ठी लावायची आणि माल परत. ही सवय गेटवर ठेवून घरी यायचं असतं हे मला कुणी शिकवलं नाही, आणि स्वतःहून सुचावं एवढी अक्कल देवानं दिली नाही.

बायकोचीही नोकरी सुप्यातच. पोरगी पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा तिला आम्ही गावी, संगमनेरजवळ, आई आणि आबांकडे ठेवली. आबा म्हणजे माझे वडील. आठवडाभर नोकरी करायची, शनिवारी गाडी काढायची, पोरीला दीड दिवस कुरवाळायचं, रविवारी तिची नजर चुकवून पळायचं. बाकीचं सगळं आईआबांवर. आम्ही फक्त सूचना द्यायचो.

घरी चार गाई. आबा सकाळी धार काढायचे, त्यातलं पहिलं दूध एका छोट्या किटलीत. ते नातीचं. मग उरलेलं मोठ्या कॅनमध्ये, ते डेअरीचं. किटली भरल्याशिवाय कॅनचं झाकण निघायचं नाही. पोरगी उठल्या उठल्या पेलाभर दूध प्यायची, आंघोळ झाली की पेलाभर, दुपारी झोपताना, उठल्यावर, संध्याकाळी धारेच्या वेळी तर गोठ्यातच पेला घेऊन उभी. वर आबांच्या बशीतला चहा. जेवायला बसवली की तोंड फिरवायची. मग आई म्हणायची, "जेवली न्हाई लेकरू, दूध तरी जाऊंदे पोटात." दूध पोटात गेलं की भूक गेली, भूक गेली की परत दूध. मिशा पांढऱ्या करून नात फिरत होती आणि आबा गावाला दाखवत होते, "बघा, निस्त्या दुधावर वाढतीय."

एका शनिवारी आम्ही पोचलो तर पोरगी गोठ्याच्या भिंतीचा पोपडा काढून खात होती.

"आई, ही माती खातीय!"

"खाऊंदे की. किस्नानं न्हाई खाल्ली?"

"त्याच्या तोंडात विश्व दिसलं होतं. हिच्या तोंडात चुना दिसतोय."

तसेच तिला संगमनेरला डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पापणी खाली ओढून बघितली, रक्त तपासलं आणि सांगितलं, रक्त कमी आहे. औषध देतो, पण आधी दूध कमी करा. दिवसातून दोन लहान पेले, बास. चहा बंद. डाळ, भाजी, भाकरी, अंडं द्या, भूक लागू द्या.

आता ही गोष्ट घरी सांगायची एक रीत होती. आबांच्या शेजारी बसायचं, आधी गाईंची चौकशी करायची, मग हळूच विषय काढायचा. मी जेवताना, ताट पुढ्यात असताना, कारखान्यात सांगतो तशा आवाजात सांगितलं, "आबा, दुधामुळं तिचं रक्त कमी झालंय."

आबांचा घास हातातच राहिला.

"दुधामुळं?"

"हो."

"आपल्या दुधामुळं?"

"कुठल्याही. पण पितेय आपलंच."

"मी बी त्याच दुधावर वाढलो. तू बी."

"म्हणून तर बघा ना माझ्याकडं," मी म्हणालो. हा विनोद होता. ताटावर बसलेल्या चौघांत तो मला एकट्यालाच कळला.

बायकोनं सावरायचा प्रयत्न केला, "आबा, डॉक्टर म्हणाले दूध चांगलंच आहे, फक्त जास्त होतंय."

आबा उठले. हात धुताना एवढंच म्हणाले, "डेअरीत आजवर माझं दूध परत आलं न्हाई. घरात आलं."

रात्री मला खात्री वाटत होती की रविवारी आमची पाठ वळली की किटली पुन्हा सुरू होणार. आईचं "एक पेला तर दिला" मला पाठ होतं. तेव्हा मी एक तांत्रिक उपाय शोधला. पोरीला घट्ट दुधाची सवय. दूध पातळ झालं तर ती आपणहून सोडेल, भांडण नको, काही नको. सकाळी धार झाली, आबा गाईंना वैरण टाकायला मागं गेले, तेवढ्यात मी किटलीत तांब्याभर पाणी ओतलं आणि झाकण लावून दात घासायला गेलो. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होतो की पेस्ट दोनदा घेतली.

मला माहीत नव्हतं ते असं, की आदल्या रात्रीच आबांनी ठरवलं होतं. डॉक्टर म्हणतोय तर म्हणतोय, नातीला दूध कमी द्यायचं. मी दात घासत असताना त्यांनी आईकडून एक छोटा पेला मागून घेतला, नातीपुरतं दूध त्यात काढलं आणि उरलेली अख्खी किटली कॅनमध्ये रिकामी केली. तोंडानं काही बोलले नाहीत. आमच्या घरात ऐकलेली गोष्ट कबूल करायची पद्धत नाही.

"चल, किक मार," आबा म्हणाले. मी गाडी काढली. मध्ये कॅन, मागं आबा. रस्ताभर मला वाटत होतं, बरं झालं, राग गेलेला दिसतोय.

संकलन केंद्रावर दहा-बारा माणसं रांगेत होती. हल्ली मशीन आहे. नमुना लावला की पडद्यावर फॅट येते, डिग्री येते, आणि दुधात पाणी असेल तर तेही येतं. आबांच्या नावापुढं तो आकडा कधी आला नव्हता. त्या दिवशी आला.

केंद्र चालवणाऱ्यानं आबांकडं बघितलं नाही, मशीनकडं बघितलं. "परत लावतो, आबा. मशीनची काही तरी गडबड."

परत लावलं. परत तेच.

"आबा, हात लई वले हुते का आज?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि रांगेत हसू पसरलं. आबा कॅनचं झाकण हातात धरून उभे होते. आयुष्यभर इतरांच्या पाणीदार दुधाच्या गोष्टी त्यांनीच सर्वांत जास्त रंगवून सांगितल्या होत्या. त्या सगळ्यांची परतफेड करायला अर्धी रांग उत्सुक होती.

मी म्हणालो, "पाणी मी घातलं."

"तू? कशाला रं?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. चेष्टा केली म्हणायचं, चुकून सांडलं म्हणायचं, झोपेत होतो म्हणायचं. पण मला आबांची अब्रू वाचवायची होती, त्यामुळं मी सगळं खरं सांगितलं. पोरीचं रक्त, डॉक्टर, दूध कमी करायचं, छोटी किटली, पातळ दूध. व्यवस्थित, क्रमानं, कारखान्यात रिपोर्ट देतो तसं.

हसू थांबलं. एक म्हातारा, आबांच्याच वयाचा, हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे आबांचं दूध समद्या तालुक्याला चालतं, निस्तं नातीला चालत न्हाई व्हय?"

पाणी घालणारा माणूस गावात चार दिवसांत जुना होतो. हे वाक्य जुनं होणार नाही, हे मला तिथंच कळलं. आबांनी झाकण लावलं, कॅन उचलला आणि गाडीवर न बसता चालायला लागले. मी गाडी ढकलत मागून. "आबा, बसा तरी." त्यांनी कॅन या हातातून त्या हातात घेतला, एवढंच उत्तर.

घरी आल्यावर ते बायकोशी बोलले, माझ्याशी नाही. "सूनबाई, पोरीचं सामान भरून घ्या. आजच न्या."

"आबा, आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तुमच्याशिवाय तिला कोण आहे?"

"आमच्याकडं देण्यासारखं काय हाय आता? दूध हुतं."

आईनं कपडे भरले, औषध भरलं. मग तुपाची बरणी हातात घेऊन दारात उभी राहिली. मला वाटलं, ही तरी आपल्या बाजूची. आई म्हणाली, "तूप चालतं का, का डॉक्टरला इचारून सांगतोस?"

बरणी तिनं परत फडताळात ठेवली.

सुप्याला एका बाईंच्या पाळणाघरात पोरीला घातली. पहिले काही दिवस ती संध्याकाळी पेला घेऊन दारात जाऊन उभी राहायची. गोठा शोधत असावी. मग विसरली. डाळभात खायला लागली, अंडं मागून घ्यायला लागली, भिंती वाचल्या. रक्त वाढलं. डॉक्टर म्हणाले, छान. मी बरोबर होतो. इतकं बरोबर आयुष्यात फार कमी वेळा असतो, आणि कुणाला सांगायची सोय नाही.

तरी सांगितलंच. सहा महिन्यांनी दिवाळीला गेलो तेव्हा ओट्यावर आबांच्या शेजारी बसलो, आधी गाईंची चौकशी केली, मग म्हणालो, "आबा, रक्त भरलं तिचं."

"बरं झालं," आबा म्हणाले. "म्हंजे आमच्याकडं हुती तवा आजारी हुती. तुमच्याकडं बरी झाली."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

ते खरंच उत्तराची वाट बघत होते. मी चपलेचा अंगठा नीट करत बसलो.

तेवढ्यात पोरगी आतून आली. बायकोनं डॉक्टरांच्या सल्ल्यानं केलेला खजूर-शेंगदाण्याचा लाडू तिच्या हातात. तिनं तो आबांच्या तोंडापाशी नेला. "आबा, खा."

"तुज्या बापाला इचार," आबा म्हणाले. "आज्याला चालतो का म्हणावं."

ती खरंच माझ्याकडं वळली. "पप्पा, आबांना चालतो?"

"चालतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

आबांनी लाडू घेतला. उठले, नातीचं बोट धरून गोठ्यात गेले आणि लाडू गाईपुढं धरला. गाईनं तो एका घासात संपवला आणि आबांचा तळहात चाटून काढला. पोरगी टाळ्या वाजवत हसत सुटली. "पप्पा, गाईला आवडला!" ती ओरडून मला सांगत होती. आबांनीही तिच्याबरोबर हसून घेतलं, आणि माझ्याकडं पाठ करून धारेला बसले.