दोन हाका

हे मी माह्या नवऱ्यालेही कधी सांगतलं नाही. अन् नवरा असा, का वरणात मीठ जास्त पडलं तरी त्याच्यापासून लपवाची मले गरज पडली नाही. मंग हेच काहून लपवलं? — थांबा, सांगून राहिली. घाई करू नोका. अशा गोष्टी सांगाची मले सवय नाही.

आधी एक ऐकून घ्या. मी दुःखी बाई नाही. सुखात आहो मी. भातकुलीच्या रस्त्याले आमची बाडी आहे, विहिरीले भर उन्हाळ्यात पाणी राहते, वांगे, पालक, सांभार — म्हणजे तुमची कोथिंबीर — सारं अमरावतीच्या बाजारात जाते, अन् शेवंतीच्या दिवसात तं बसाले जागा उरत नाही घरात, इतकी फुलं. तीन पोरं, तिघंही कामाचे. सुना भांडतात, पण माह्यासंगं नाही — आपसात. याच्यावर बाईले काय पाहिजे? पाठ टेकली का झोप लागते मले. मन खात राह्यलं, डोळ्याले डोळा लागला नाही, असं काही मी तुमाले सांगणार नाही. खोटं बोलून झालं तेवढं पुरे.

गोष्ट पलेगाच्या सालची. वऱ्हाड तवा नवा नवाच मध्यप्रांताले जोडला होता, अन् माहं लग्नही नवंच होतं. गावात उंदीर पडाले लागले. उंदीर पडले का गाव सोडायचं, हे लेकरालेही ठाऊक. सारं गाव घरांले कुलपं लावून वावरात झोपड्या घालून राह्यलं. अमरावतीचा बाजार बंद. कोणी कोणाच्या झोपडीत जायचं नाही, परगावचा पाव्हणा घ्यायचा नाही, अन् ज्याच्या घरी गाठ निघाली त्यानं नाल्यापलीकडं वेगळं राह्यचं. वऱ्हाडी माणूस बोलाले फटकळ, असं लोकं म्हणतात. असंल बापा. पण त्या साली आमच्या गावानं कोणाले उपाशी मरू देलं नाही. पाटलानं ज्वारीचं पेव उघडलं. आमची वांगी बाजाराले जात नव्हती, तं माह्या सासऱ्यानं ती गावात वाटली — इतकी वाटली, का लोकं त्यांले दुरून पाहूनच हात जोडत, "माळीबुवा, आज तं वांगं नोको!" नाल्यापलीकडच्या लोकांसाठी घरटी पाळी लावली होती. ज्याची पाळी, त्यानं आठवडाभर तिकडं भाकर-भाजी पोचवायची.

म्हणजे गाव चांगलं होतं. हे मी इतकं घोळून काहून सांगून राहिली? — कारण पुढचं जे आहे, ते गावावर ढकलता येत नाही.

नाल्यापलीकडं गिरजा होती. आमच्या शेजारच्या वावरातली कास्तकाराची सून, माह्याच वयाची. तिच्या नवऱ्याले जांघेत गाठ आली होती. तो तापानं फणफणलेला, दोन वर्साची पोरगी कडेवर, अन् ही एकटी.

आता हाकेचं सांगावं लागते. तुमच्याकडं हे असंल, नसंल. आमच्याकडं साथीच्या दिवसात मरीमाय दारोदार फिरते, अन् ओळखीच्या माणसाच्या आवाजात नाव घेऊन हाक मारते. ओ देली का ते माणूस गेलंच. पण मरीमाय हाक मारते दोनदाच. तिसरी हाक माणसाची. म्हणून साथीत कोणी दोन हाकांले ओ देत नसे, तिसरीची वाट पाहे. नाल्यापलीकडचं जेवणही त्याच नेमानं जायचं. भाकर पळसाच्या पानात बांधून निंबाखालच्या दगडावर ठेवायची, मागं सरायचं, तीन हाका द्यायच्या. आतून ओ आली का निघायचं, मंग ते माणूस बाहेर येऊन भाकर उचलणार. कुत्रे टपूनच असत, म्हणून ओ ऐकल्याबिगर हलायचं नाही.

आमची पाळी आली. आत्याबाईचे, म्हणजे सासूचे, गुडघे धरलेले. जाऊ बाळंतीण. राह्यली मी. मले दिवस गेले होते असं म्हटलं, तं तुमी लगेच समजून घ्यान. पण नव्हते गेले. चांगली धडधाकट होती.

पहिल्या दिवशी भर दुपारी गेली. दगडावर भाकर ठेवली. "गिरजाबाई!" म्हटलं. मंग "गिरजाबाई वो!" म्हटलं. तेवढ्यात आतून तिचा नवरा कण्हला, का ओरडला, देव जाणे. माही तिसरी हाक तोंडातच राह्यली. अशी पळाली मी, का लुगडं बाभळीत फाटलं तरी मागं वळून पाह्यलं नाही.

एवढंच असतं तं? माणूस भ्यालं, पळालं. याच्यात लपवासारखं काय होतं? घरी येऊन सांगतलं असतं, तं आत्याबाईनं दोन शिव्या देल्या असत्या अन् दिराले पाठवलं असतं. पण त्यांनी पुसलं, "ओ देली का व तिनं?" अन् मी म्हटलं, "देली." गावात नवी सून, भित्री म्हणवून घ्यायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गेली तं पळसाचं पान फाटून नाल्यात पडलेलं, दगडाभोवती कुत्र्यांचे पाय उमटलेले. समजलं मले. समजूनही त्या दिवशी मी दोनच हाका देल्या. काहून? तिसरी देली असती तं गिरजा बाहेर आली असती, अन् तिनं पुसलं असतं — काल तूच होती का? मरीचं भेव नव्हतं उरलं मले. गिरजाचं भेव होतं.

दोन हाका म्हणजे काय, ध्यानात येते ना तुमच्या? हाकच देली नसती, तं तिनं आपणहून बाहेर डोकावून पाह्यलं असतं. मी दोन देल्या. म्हणून ती आत दबून राह्यली, पोरीच्या तोंडावर हात ठेवून, मरीमाय दारात आली म्हणून. मी पाठ फिरवली का कुत्रे यायचे. पुढंही मी तसंच केलं. रोज दोन हाका, अन् रोज घरी "देली". जीभ एकदा वळली का तिले काही वाटत नाही, बाई.

मंग एका सकाळी गिरजा नाला ओलांडून आली. पोरगी कमरेवर, डोळे खोल गेलेले. पाटलाच्या झोपडीपुढं लोकं जमले होते, ते ओरडले, कोणी ढेकूळ फेकलं, "मागं हो! तिथंच थांब!" ती थांबली. पण आवाज असा काढला, का साऱ्या वावरानं ऐकला.

"मरीनं नाही मारलं, तं तुमी मारून राहिले! भाकर काहून नाही पाठवत?"

आत्याबाईले ते लागलं. घराची अब्रू होती ती. म्हणाल्या, "माही सून रोज नेऊन देते. पुसा तिले."

पाटलानं माह्याकडं पाह्यलं. "सुनबाई, हाका देल्या का?"

"देल्या."

"किती?"

"तीन."

इथंच थांबता आलं असतं. कोणी पुढं पुसलं नव्हतं. पण मी आपणहून बोलली, "तिनं ओ देली. माह्या कानानं ऐकली मी."

गिरजा माह्याकडं पाहतच राह्यली. रागानं नाही हो — कोड्यात पडल्यासारखी. गर्दीतलं कोणीतरी म्हणालं, "खाऊन वरून मागून राहिली. दोन ताटांची गिरजा!" लोकं हसले. मीही हसली. पाटलानं तिले नेम मोडल्याबद्दल झापलं अन् परत धाडलं.

त्या दिवसापासून मी तिसरी हाक देली. खणखणीत देली. अन् आतून ओ आली, अगदी बारीक. पुढं नवऱ्याची गाठ फुटली, माणूस वाचला. पोरगीही वाचली, आज तिची लेकरं माह्या बाडीत खेळतात. गाव घरी परतलं, बाजार सुरू झाला. सारं नीट झालं.

नाव तेवढं राह्यलं. लग्नात पंगत बसली का वाढणारा ओरडे, "दोन ताटांच्या गिरजाबाईले हात सैल सोडा रे!" तीही हसे. पण दुसऱ्यांदा वाढप आलं का ताटावर आडवा हात धरे. सण असो, बारसं असो, मी तिले दुसऱ्यांदा काही घेताना पाह्यलं नाही. अन् पाहत तं मी रोजच होती, कारण आमची मैत्री जमली. निंदाले संगं, खुडाले संगं, बाळंतपणात एकमेकीच्या उशाशी. आजही हाकेच्या अंतरावर राहते ती. माह्या सुखाचं सांगतलं ना तुमाले? त्यातलं निम्मं तिच्यामुळं आहे.

मागच्या साली आमी दोघी ओट्यावर शेवंती निवडून राहिलो होतो. बोलता बोलता ती म्हणाली, "रुखमाबाई, मले आताशा वाटते, मी ओ देलीच असंल. भाकरही खाल्ली असंल. जागरणानं डोकं फिरलं असंल माहं. नाहीतं तुमच्यासारखी बाई काहून खोटं बोलंल? तुमाले ध्यान आहे ना? देली होती ना मी ओ?"

ओट्यावर तिसरं कोणी नव्हतं. "नाही" म्हणायचं होतं, बस.

मी म्हटलं, "हाव वो गिरजाबाई. देली होती."

तिनं मान हलवली. "तेच तं," म्हणाली, "उगाच गावाले बोल लावला मी." अन् पुन्हा फुलं निवडाले लागली. मले हलकं वाटलं. त्या सांजेले मी पोटभर जेवली.