एकेकट्याने ओलांडायचा उतार

शिंदखेड्याजवळच्या कापसाच्या जिनिंगचा चौकीदार मला एकदाच भेटला. लष्करात असताना तो काश्मीरमध्ये स्नो स्कूटर चालवायचा. ताजा बर्फ कसा असतो, एवढेच मी विचारले, तर त्याने मला हाताला धरून कापसाच्या उंच ढिगापाशी नेले.

“खाले जुना, दाबायेल. वर आजना, भुसभुशीत. तठे बी असंच! गाडी पयत नही भाऊ, तरंगस!”

गुडघे वाकवून तो उजव्या अंगठ्याने हवेतला वेगाचा खटका दाबत होता.

एकदा जोडीदार स्कूटरवरून उतार ओलांडत असताना बर्फाचा वरचा थर सुटला आणि जोडीदार गाडला गेला. त्याच्या छातीवरच्या, बर्फाखालूनही ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्राचा संकेत पकडत यानेच त्याला जिवंत उकरून काढले.

“मी कडले उभा व्हतू, म्हनीसन तो वाचना.”

परतीची वाट ढिगाच्या पायथ्याने होती. मी बोलत सोबत निघालो, तर त्याने हात आडवा केला.

“दोन्ही संगे नही. तुम्ही पुढे व्हा, मी देखस.”

मी पार होईपर्यंत त्याची नजर ढिगाच्या शेंड्यावर होती. पलीकडे पोचल्यावर मी वळलो आणि तो येईपर्यंत शेंडा पाहत उभा राहिलो.