कडीला लावलेली पिशवी

कॅनडातून परत आल्यापासून जो तो एकच विचारतोय, "तिकडचं बरं की इकडचं?" सांगतो ना! तिकडे नळाचं पाणी थेट पितात, बस घड्याळाप्रमाणे येते, गाड्या हॉर्न वाजवत नाहीत. इथे मीरा रोडला टँकर आला की सिल्व्हर पार्कपर्यंत बोंब ऐकू येते. झालं समाधान? पण आईचं काय झालं ते कोणी विचारलं की मी म्हणतो, "झोपेत गेली." ते खोटं आहे.

आमच्या इमारतीत दाराच्या कडीला कापडी पिशवी लावून झोपतात. पहाटे दूधवाला तिच्यात दूध टाकतो. सात वाजून गेले तरी पिशवी बाहेरच दिसली, तर समोरच्याने घंटी वाजवायची. असा नियम कोणी केलेला नाही, पण तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा त्यानेच वाचले.

बाबा गेल्यावर मी हट्टाने आईला तिकडे नेलं. म्हटलं, चांगली हवा, चांगले डॉक्टर, आता सुखात राहा. तर तिने पहिल्याच रात्री दाराला रिकामी पिशवी अडकवली!

"आई, इथे दूध दुकानातून आणतात गं."

"दुधासाठी नाय रे मेल्या. आत माणूस आहे, एवढं कळायला."

समोरच्या बाईने मला लिफ्टमध्ये गोड हसून विचारलं, तुमचं काही बाहेर विसरलंय का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी मी पिशवी काढून कपाटात टाकली. आईने भांडायला हवं होतं.

त्या थंडीत मी नेहमीसारखा सकाळी सहाला कामावर गेलो. आई बाथरूममध्ये पडली. फोन बाहेरच्या खोलीत होता. मी संध्याकाळी आलो, तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या गेल्या नाहीत, बराच वेळ जिवंत होत्या. समोरच्या दारामागे ती बाई दिवसभर घरीच होती. तिची काय चूक? तिला दिसेल असं मी काही ठेवलंच नव्हतं.

आता मी आईच्याच घरात राहतो. परवा उठायला उशीर झाला आणि घंटी वाजली. समोरच्या गुजराती काकी होत्या.

"दूध बाहर है अभी तक. सब ठीक है ना, बेटा?"

मी मान हलवली. त्या जाईनात.

"तेरी मम्मी फोन पे बोलती थी, उधर भी थैली लगाती हूँ, सामनेवाली बहुत ध्यान रखती है. उस दिन घंटी उसीने बजाई?"

म्हणजे आईने इथे कोणाला काहीच कळू दिलं नव्हतं. माझी लाज तिने शेवटपर्यंत झाकली.

"थैली मैंने निकाल दी थी, काकी. किसीने नहीं बजाई."

काकींनी कडीवरची पिशवी काढून माझ्या हातात दिली. "गरम कर ले, फट जाएगा," म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या.

आज सकाळी मी वेळेवर उठलो होतो, पिशवी मात्र मुद्दाम आत घेतली नाही. दाराआड उभा राहिलो. सात दहाला काकींनी घंटी वाजवली. आई ज्या घंटीची दिवसभर वाट बघत पडली होती, ती मी दोनदा वाजू दिली आणि मग दार उघडलं.