कात्रजच्या चढावरचा हँडब्रेक

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या अन्वरला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्याला ओळखत नाही — म्हणजे हाही भित्रेपणाच झाला, नाही का?

मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी वस्तू चालते ती का चालते, हे उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. खडकीच्या आमच्या क्वार्टरमधलं घड्याळ, शेजाऱ्यांचा पंखा — सगळं उघडून झालं होतं. पुढे डिप्लोमा करून हडपसरच्या एका कारखान्यात लागलो, तरी रविवारी हात शिवशिवायचे. तेव्हा रस्त्यावर रोज नवनव्या परदेशी गाड्या दिसायला लागल्या होत्या. चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली गाडी पहिल्यांदा दिसली, तेव्हा मी भर रस्त्यात उकिडवा बसून चाकाच्या फटीतून आत बघत होतो. मालक आला आणि म्हणाला, "काही हरवलंय का आपलं?" हरवलं नव्हतं. पण ते मला हवं होतं, एवढं खरं.

अन्वर माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्याकडे एक जुनी पिकअप होती. त्याचे थोरले भाऊ — आम्ही सगळेच त्यांना भाईजान म्हणायचो — कात्रजला फर्निचरचा कारखाना चालवायचे. कॉम्प्युटर कंपन्यांची ऑफिसं धडाधड उघडत होती आणि प्रत्येकाला टेबलं हवी होती. लाकूड आणायचं, टेबलं पोचवायची, हे अन्वरचं काम. गाडी इतकी जपून चालवायचा की भाईजान काचसुद्धा त्याच्याच हाती पाठवत. त्याला त्याचा फार अभिमान होता.

एकदा भंगारवाल्याकडे एका ठोकलेल्या परदेशी गाडीचा मागचा अॅक्सल दिसला — डिस्कसकट. मी अन्वरच्या मागेच लागलो. तुझा जुन्या ड्रम ब्रेकचा अॅक्सल काढू, हा बसवू, घाटात गाडी जागच्या जागी थांबेल! खरं सांगू? त्याच्या गाडीला गरज नव्हती. गरज मला होती. मला बघायचं होतं, जमतं का.

जमलं. स्प्रिंगचे पाटे बसायच्या जागा नव्याने वेल्ड केल्या, ब्रेकचे पाइप वाकवून घेतले. पाय ठेवला की गाडी थांबायची, अगदी गुमान. अडचण एकाच ठिकाणी होती — हँडब्रेक. जुनी केबल नव्या ब्रेकला जोडायला मी स्वतःच एक जुगाड केला होता. ब्रेक तापेपर्यंत चालवून गाडी खडकीतल्या एका चढावर उभी केली, हँडब्रेक ओढला, आणि शेजारी सिगरेट ओढत उभा राहिलो. सिगरेट संपत आली तेव्हा गाडी आपोआप चार बोटं मागे सरकली. मी चाकाखाली वीट सारली. तापलेली डिस्क फुगते. गार झाली की आकसते, आणि माझ्या जुगाडाची पकड सुटते. काय आनंद झाला होता मला ते कळल्यावर! पुढच्या रविवारी स्प्रिंग टाकून बघू, असं ठरवलं.

अन्वरला सांगितलं नाही. का? मी त्याला इतकं मोठं तोंड करून पटवलं होतं, म्हणून. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी — अन्वर चढावर गाडी लावली की चाकामागे दगड ठेवायचा. त्याच्या सीटखाली एक खास दगड असायचा, हाताळून गुळगुळीत झालेला. गाडी त्याच्या ताब्यात देताना मी त्याची टर उडवली होती. "डिस्क ब्रेकच्या गाडीला दगड? मग बैलच जुंप ना पुढे." तो हसला आणि दगड माझ्याच अंगणात टाकून गेला. मी तो परत नेऊन दिला नाही.

त्याच आठवड्यात खेड शिवापूरहून फळ्या भरून आम्ही घाट उतरलो. मी मुद्दाम रजा काढून बरोबर गेलो होतो, उतारावर ब्रेक कसे लागतात ते बघायला. भाईजानांचा कारखाना एका चढाच्या गल्लीत होता. सेल्फ-स्टार्टर कुरकुर करत होता म्हणून अन्वरने इंजिन चालूच ठेवलं, गाडी न्यूट्रलला, आणि हँडब्रेक ओढला. आम्ही आत चहा घ्यायला गेलो. भाईजान फळ्यांचा दोर सोडायला गाडीच्या मागे गेले. मी चहा पीत होतो — आणि मला डिस्क आठवली नाही, असं म्हणू का? आठवली होती. आत्ता उठून सांगितलं तर हसं होईल, असंही वाटलं होतं. चहा गरम होता. मी फुंकर मारत राहिलो.

भाईजान ओरडले. गाडी मागे येऊन त्यांचा पाय भिंतीशी चेचला होता. अन्वर त्यांच्याकडे धावला, मी गाडीत उडी मारली, हँडब्रेक सोडला, गाडी पुढे घेतली. त्या क्षणीही डोक्यात काय आलं माहीत आहे? — एवढ्या वेळात डिस्क गार होते तर. हे सांगतानासुद्धा मला माझी किळस येते.

लोक जमले. कुणीतरी विचारलं, हँडब्रेक ओढला नव्हता का? अन्वर म्हणाला, "ओढला होता, खुदा की कसम." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण गाडीत मी चढलो होतो.

मी म्हणालो, "खालीच होता."

अन्वर माझ्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या हाताकडे. आणि पुटपुटला, "विसरलो असेन."

भाईजानांचा पाय जुळला, पण वाकडाच. पिकअप विकली, त्याआधी मी जुना अॅक्सल परत बसवून दिला, कुणी कारणही विचारलं नाही. अन्वरने पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. ज्या ऑफिसांना तो टेबलं पोचवायचा, त्यांतल्याच एकाच्या गेटवर तो वॉचमन झाला. माझ्या गाडीत बसला तर सपाट रस्त्यावरही उतरण्याआधी माझा हँडब्रेक चाचपून बघतो. त्याच्या मुलीच्या लग्नात त्याने माझा हात धरून मला व्याह्यांपुढे नेलं. म्हणाला, "माझ्या चुकीने भाईजानचा पाय गेलाच होता. याने उडी मारली म्हणून वाचला." भाईजान काठी टेकत आले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी बिर्याणी खाल्ली, दुसऱ्यांदाही घेतली.

हँडब्रेक वर होता. पूर्ण वर. अन्वरने ओढला होता.